घरच्या पास्त्याचं पीठ: आधी अंडं फोडा, पीठ नंतर मोजा

पास्त्याच्या पिठात जिन्नस दोनच. पीठ आणि अंडं, नाहीतर पीठ आणि पाणी. बाकी मीठ, तेल वगैरे घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी काही अडत नाही. आणि दोनच जिन्नस आहेत म्हणूनच माप महत्त्वाचं, कारण इथे सांभाळून घ्यायला तिसरं कोणी नाही, ओल पाच टक्क्यांनी इकडेतिकडे झाली की गोळा एकतर भुगा होतो नाहीतर हाताला, लाटण्याला, ओट्याला सगळीकडे चिकटत बसतो. पहिल्यांदा करणाऱ्यांना वाटतं की आपल्याला मळता येत नाही. पण बऱ्याचदा मळणं ठीकच असतं, गडबड त्याच्या दहा मिनिटं आधी, मोजतानाच झालेली असते. त्यामुळे या लेखात लाटणं, कापणं, सॉस याबद्दल फार बोलणार नाहीये, फक्त मापं. ती एकदा बसली की पुढचं सगळं खूप सोपं जातं, खरंच.

१०० ग्रॅमला एक अंडं, हे कुठपर्यंत खरं

इटलीत घरोघरी चालणारा हिशोब आहे, १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. लक्षात ठेवायला मस्त, आणि माणशी एक अंडं एवढं धरलं की किती करायचं तेही कळतं. अडचण एकच, अंडी एकसारखी नसतात. युरोपात दुकानात मिळणारं मध्यम अंडं कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅम, मोठं ६३ ते ७३ ग्रॅम, आणि ५३ च्या खालचं ते लहान. यातलं साधारण ११-१२ टक्के वजन कवचाचं, ते जातं कचऱ्यात.

आता हिशोब करून बघा. तुमच्याकडे ४५ ग्रॅमचं छोटं अंडं असेल तर आत जेमतेम ४० ग्रॅम माल निघतो, म्हणजे १०० ग्रॅम पिठाला ४० टक्के ओल, गोळा होणारच नाही, नुसते कोरडे खडे. आणि ७० ग्रॅमचं मोठं अंडं असेल तर आत ६१-६२ ग्रॅम, म्हणजे पीठ सैल आणि चिकट. दोघांनी नियम अगदी तंतोतंत पाळला, एकाचा भुगा झाला, दुसऱ्याचा चिखल! आणि मग दोघंही म्हणणार की रेसिपी चुकीची आहे. रेसिपी बरोबरच होती, पण ती ज्याने लिहिली त्याची अंडी वेगळी होती.

अंड्याच्या पिठाला जो आकडा लागू पडतो तो असा: पीठ १०० ग्रॅम धरलं तर फोडलेलं, कवचाशिवायचं अंडं ५५ ग्रॅमच्या आसपास. ५२ ला घट्ट, ५८ ला मऊ, त्याच्या मधे कुठेही चालतं. मशीनमधून पट्टी काढायची असेल तर ५२-५४ चांगलं, कारण सैल पीठ रोलरला चिकटतं. हाताने लाटण्याने लाटणार असाल तर ५६-५८ घ्या, नाहीतर खांदे दुखतात आणि पट्टी जाडच राहते.

म्हणून क्रम उलटा करा

सगळ्या रेसिपी पीठ मोजा इथून सुरू होतात. मी म्हणेन उलट करा. पीठ १८७ ग्रॅम घेता येतं, २७३ ग्रॅम घेता येतं, काटा दाखवेल ते घेता येतं, पण अंडं काही पाऊण घेता येत नाही (म्हणजे घेता येतं, फेटून ओतून, पण कशाला ती उठाठेव). जी गोष्ट तोडता येत नाही ती आधी मोजायची आणि जी हवी तेवढी कमीजास्त करता येते ती तिच्या मागून मोजायची, एवढं साधं आहे.

१. काट्यावर रिकामं भांडं ठेवा, शून्य करा.

२. अंडी फोडून भांड्यात घाला. कवचाला आतून पांढरा चिकटून राहतो तो बोटाने पुसून घ्या, प्रत्येक अंड्यामागे ग्रॅम-दोन ग्रॅम तिथेच राहतात आणि चार अंड्यांना ते जाणवतं.

३. आलेलं वजन वहीत, फोनवर, कुठेही लिहून ठेवा.

४. त्याला १.८ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तुमचं पीठ, ग्रॅममध्ये.

बस एवढंच. दोन अंड्यांचं वजन ९६ ग्रॅम आलं तर पीठ १७३ ग्रॅम. १०४ आलं तर १८७. तीन अंडी १५० ग्रॅम भरली तर पीठ २७०, आणि तीच तीन मोठी असून १६५ भरली तर पीठ २९७, म्हणजे दोन्हीत तीनच अंडी पण पिठात २७ ग्रॅमचा फरक. १.८ हा आकडा कुठून आला तर १०० भागिले ५५, दुसरं काही नाही. मशीनसाठी जरा घट्ट हवं असेल तर १.९ ने गुणा, मऊ हवं असेल तर १.७५ ने.

५. पीठ मोजल्यावर त्यातलं साधारण दहावा भाग बाजूला वाटीत काढून ठेवा. १८७ असेल तर २० ग्रॅम बाजूला. ही पायरी फालतू वाटते आणि लोक गाळतात, पण गाळू नका. ओलसर पिठात आणखी थोडं पीठ मिसळणं सोपं असतं, ते दोन मिनिटांत सामावतं. कोरड्या झालेल्या गोळ्यात पाणी घालणं मात्र वैताग आहे, पाणी वरच्यावर फिरतं, बाहेरून निसरडं होतं आणि आत कोरडं ते कोरडंच. चुकायचंच असेल तर ओलसर बाजूला चुकलेलं बरं.

काटा कसा हवा आणि तो कसा फसवतो

महागडा काटा लागत नाही, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल किचन काटा पुरे. फक्त तो सपाट आणि कडक जागेवर ठेवा, टॉवेलवर किंवा हलणाऱ्या टेबलावर ठेवला की आकडा नाचतो. भांडं काट्यापेक्षा इतकं मोठं घेऊ नका की स्क्रीनच दिसेनाशी होईल.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बरेच स्वस्त काटे अगदी थोडं थोडं घातलेलं धरतच नाहीत. तुम्ही पाणी थेंब थेंब ओतताय आणि आकडा हलतच नाही, मग एकदम उडी मारतो. म्हणून ५-१० ग्रॅम असं छोटं माप असेल तर उलटं करा, पाण्याचा भरलेला ग्लास काट्यावर ठेवा, शून्य करा, ग्लास उचलून त्यातलं पाणी पिठात घाला आणि ग्लास परत ठेवा, उणे ६ दिसलं म्हणजे ६ ग्रॅम पाणी गेलं. फार भरवशाची पद्धत आहे ही.

काटा बरोबर आहे का ते बघायचं असेल तर औषधाची १० मिलिची सिरिंज घ्या आणि दहा वेळा भरून पाणी भांड्यात घाला, १०० ग्रॅमच्या अगदी जवळ आकडा यायला हवा, कारण पाण्याचं १ मिलि म्हणजे १ ग्रॅम. याच कारणाने पाणी मापाच्या भांड्याने न मोजता काट्यावरच मोजलेलं चांगलं, भांड्यावरच्या रेघा वाकून बघताना ५-१० मिलिची चूक सहज होते, आणि इथे ५ ग्रॅम म्हणजे खूप असतं.

आणखी एक, काही काटे दोन-तीन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि परत चालू केले की शून्यावर येतात, तुम्ही मधेच पिठाचा डबा शोधायला गेलात तर गेलं सगळं. म्हणून प्रत्येक वजन लगेच लिहा म्हणतोय. तसंच रिकाम्या भांड्याचंही वजन एकदा लिहून ठेवा, म्हणजे काटा बंद पडला तरी वजाबाकी करून पुढे जाता येतं.

काटा नाहीये, फक्त कप आहे

मग जमतं, पण कप भरायची पद्धत एकच ठेवावी लागते. कप थेट पिठाच्या डब्यात खुपसून भरला तर पीठ दाबलं जातं आणि १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातं. तेच पीठ आधी चमच्याने हलवून मोकळं केलं, मग चमच्या-चमच्याने कपात सोडलं आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट केलं तर १२०-१२५ ग्रॅम भरतं. कप तोच, पीठ तेच, आणि २५ ग्रॅमचा फरक. वर कपही दोन प्रकारचे असतात, कुठे २५० मिलिचा तर कुठे साधारण २४० चा.

२४० मिलिचा कप मोकळ्या पद्धतीने भरून दीड कप पीठ आणि दोन मध्यम अंडी, हे प्रमाण बऱ्यापैकी बसतं. पण इथे पीठ थोडं जास्तच राखून ठेवा, पाव कप तरी, आणि हाताच्या अंदाजाने घालत जा. भरताना कप आपटू नका, हलवू नका, पीठ लगेच खाली बसतं. एवढं करून सांगतो, पास्ता नेहमी करणार असाल तर काटा घ्याच, दुसरं कुठलंही सामान घ्यायच्या आधी. पट्टी काढायच्या मशीनच्याही आधी.

पीठ कुठलं, त्यावर आकडा बदलतो

इटालियन पाकिटावर ००, ०, १, २ असे आकडे असतात. ते पीठ किती पांढरं, किती साफ केलेलं हे सांगतात. इटलीच्या नियमात ०० पिठात राखेचं प्रमाण, म्हणजे पीठ पूर्ण जाळल्यावर उरणारे क्षार, कोरड्या वजनाच्या ०.५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. बऱ्याच जणांची समजूत असते की ०० म्हणजे पास्त्याचंच खास पीठ, तर तसं नाहीये, ०० मध्ये कमी प्रोटीनचंही असतं आणि भरपूर प्रोटीनचंही असतं, पाकीट उलटून बघायचं. प्रोटीन जास्त असेल तर पीठ पाणी जास्त पितं. साधा मैदासुद्धा अंड्याच्या पास्त्याला छान चालतो, फक्त तो कमी प्रोटीनचा असेल तर ५५ च्या ऐवजी ५२-५३ पासून सुरू करा.

ड्युरम म्हणजे कडक दाण्याचा गहू, त्याचा रवा म्हणजे सेमोला, त्याचा रंग पिवळसर असतो. पास्त्यासाठी दोनदा दळलेला बारीक हवा, इटालियन पाकिटावर सेमोला रिमाचिनाता लिहिलेलं असतं. जाड रवा घेतला तर तो पाणी प्यायला फार वेळ लावतो, मळताना सैल वाटतं म्हणून लोक आणखी रवा घालतात आणि अर्ध्या तासाने गोळा दगड झालेला असतो. जाडच रवा असेल तर मिक्सरमधून फिरवून बारीक चाळणीने चाळा, आणि वजन चाळल्यानंतर करा, आधी नाही, कारण चाळणीत राहिलेलं तुमच्या मापात मोजलं जाता कामा नये.

मैदा आणि सेमोला अर्धा अर्धा, हे मिश्रण नवीन माणसासाठी मला सगळ्यात आवडतं, मैद्यामुळे लाटायला सोपं आणि सेमोलामुळे शिजल्यावर चावा चांगला. याला अंडं ५६-५७ टक्के ठेवा. अख्ख्या गव्हाच्या पिठात कोंडा असतो, तो पाणी ओढतो, त्यामुळे ६० किंवा थोडं वरही लागतं आणि मुरायला वेळही जास्त द्यावा लागतो.

हवेचाही परिणाम होतो. पीठ कोरडं दिसलं तरी त्यात ओल असतेच, इटलीच्या नियमात १४.५ टक्क्यांपर्यंत चालते. दमट हवेत उघडं राहिलेलं पीठ आधीच ओल पिऊन बसलेलं असतं, कोरड्या हवेत किंवा हीटर चालू असलेल्या खोलीत ते सुकतं. म्हणून तोच ब्रँड, तीच अंडी, तेच वजन घेऊनही एखाद्या दिवशी हाताला वेगळं लागलं तर घाबरू नका, राखलेलं पीठ त्याच्यासाठीच आहे.

अंडं नको असेल तर

दक्षिण इटलीत अंड्याशिवायचा पास्ता भरपूर होतो. पुलियातला ओरेकिएत्ते घ्या, कानासारखा वाटीदार आकार, नुसता सेमोला आणि पाणी. इथे आकडे वेगळे, आणि इथेच लोक फसतात, कारण ते अंड्याच्या जागी तेवढंच पाणी घालतात.

अंडं म्हणजे सगळं पाणी नव्हे. पूर्ण अंड्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, बाकी प्रोटीन आणि फॅट. म्हणजे ५५ ग्रॅम अंड्यात खरं पाणी ४१ ग्रॅमच. त्याच्याऐवजी ५५ ग्रॅम पाणी मैद्यात घातलंत तर हात निघणार नाही पिठातून. म्हणून असं धरा: मैदा १०० ग्रॅमला पाणी ४६-४८ ग्रॅम, बारीक सेमोला १०० ग्रॅमला पाणी ४८-५० ग्रॅम. सेमोला थोडं जास्त पितो म्हणून थोडं जास्त. पाणी कोमट घेतलं तर रवा लवकर ओल घेतो.

इथे क्रम नेहमीसारखाच, आधी पीठ, मग पाणी, कारण दोन्ही कितीही घेता येतात. फक्त पाण्यातलं १० टक्के राखून ठेवायचं. २०० ग्रॅम सेमोला असेल तर ९८ ग्रॅम पाणी मोजा, ८८ घाला, बाकीचं लागेल तसं. कपाने करायचं असेल तर एक कप बारीक सेमोला आणि एक तृतीयांश कप पाणी, हे जवळपास बसतं.

सुरुवातीला भुगा दिसेल, एकजीव होणार नाही असं वाटेल. पाच मिनिटं मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, परत मळा. दुसऱ्या वेळेला हाताखाली वेगळंच पीठ असतं.

नुसत्या बलकाचं पीठ

उत्तर इटलीत पिएमोंते भागात ताजारिन नावाचा बारीक पास्ता करतात, त्यात एका किलो पिठाला ३० बलक, कधी ४० सुद्धा घालतात. एवढे का लागतात ते आकड्यातच दिसतं. एक बलक १७-१८ ग्रॅम, आणि बलकात पाणी जेमतेम निम्मं. पांढऱ्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, बलकात तसं नाही. त्यामुळे १०० ग्रॅम पिठाला ६० ते ६५ ग्रॅम बलक लागतो, आणि तरीही गोळा घट्टच वाटतो, तो तसाच असतो.

पहिल्याच वेळी नुसत्या बलकाचं करू नका. अर्धवट करा, एक अंडं काढलं की त्याच्या जागी तीन-चार बलक. उदाहरणार्थ २०० ग्रॅम पीठ, एक पूर्ण अंडं आणि चार बलक, वजन १२० ग्रॅमच्या आसपास जातं. रंग सुंदर येतो, पट्टी रेशमासारखी निघते. उरलेले पांढरे फ्रिजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या कशाला तरी येतात. त्यातला एखादा चमचा पिठात कोरडेपणा सुधारायलाही वापरता येतो, पाण्यापेक्षा चांगला.

गंमत म्हणजे कारखान्यातला वाळवलेला अंड्याचा पास्ता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. इटलीचा २००१ चा सरकारी हुकूम म्हणतो की त्यात एक किलो सेमोल्याला निदान चार अंडी हवीत, आणि कवचाशिवाय त्यांचं वजन २०० ग्रॅमपेक्षा कमी नको. म्हणजे २० टक्के. घरी आपण ५५ टक्के घालतोय. म्हणून पाकिटावरचं प्रमाण बघून घरचं प्रमाण ठरवू नका, तिथे वरून पाणी असतं, दाबाची यंत्रं असतात आणि शेवटी सगळं वाळवायचं असतं.

मीठ, तेल, पालक

मीठ पिठात घालायचं असेल तर पिठाच्या १ टक्का, म्हणजे २०० ग्रॅमला २ ग्रॅम, त्याहून जास्त नको. नाही घातलं तरी चालतं, खरी चव उकळत्या पाण्यातल्या मिठाने येते.

तेल २०० ग्रॅम पिठाला एक छोटा चमचा, ५ मिलि, वजनात साडेचार ग्रॅमच्या आसपास. तेलाने गोळा मऊ लागतो पण तेल म्हणजे ओल नव्हे, ते पिठाला भिजवत नाही. कोरडा गोळा तेल ओतून सुधारायला जाऊ नका.

पालक किंवा बीट घालताना ती पेस्ट अंड्यासारखीच ओल्या बाजूला मोजा. पालक वाफवून, अगदी घट्ट पिळून, वाटून मग वजन करा, न पिळलेल्या पालकाचं वजन म्हणजे नुसतं पाणी. २०० ग्रॅम पिठाला एक अंडं आणि एक बलक आणि ४० ग्रॅम पालक पेस्ट इथून सुरुवात करा, एकूण ओलं ११० च्या आत ठेवा.

हाताने ओळखायचं कसं

आता एवढे आकडे दिले तरी शेवटचा निर्णय हाताचाच. पीठ-अंडं एकत्र केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं ते वाईटच दिसतं, खडबडीत, चिरा पडलेलं. तेव्हा काहीही घालू नका. ना पीठ, ना पाणी. पाच मिनिटं मळा, मग ठरवा.

पाच मिनिटांनंतर बोट दाबून लगेच उचला. बोटाला पीठ चिकटून आलं तर ओल जास्त, राखलेल्यातलं ५ ग्रॅम पीठ घाला आणि मिनिटभर मळा. बोट स्वच्छ निघालं पण गोळ्याच्या कडेला खोल चिरा असतील, मळताना घडी परत चिकटत नसेल, तर ओल कमी.

कमी असेल तर पाणी ओतू नका, हात ओला करून मळा. याच्यामागे हिशोब आहे. २०० ग्रॅम पिठात एक छोटा चमचा पाणी म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे अडीच टक्के. घट्टपासून मऊपर्यंतचा सगळा पल्लाच ५२ ते ५८, सहा टक्क्यांचा, आणि तुम्ही एका चमच्यात त्यातलं जवळजवळ निम्मं अंतर पार केलं! ओल्या हाताने एका वेळी ग्रॅम-दोन ग्रॅमच जातं, ते बरोबर.

आठ-दहा मिनिटं तिंबल्यावर गोळा गुळगुळीत व्हायला हवा, दाबल्यावर हळूहळू वर यायला हवा, हाताला कानाच्या पाळीसारखा पण थोडा घट्ट. मग झाकून ३० मिनिटं मुरू द्या, ओलं फडकं नाही, प्लास्टिक किंवा घट्ट झाकणाचा डबा, कारण ओल्या फडक्याने वरचा थर चिकट होतो आणि तुमचं मोजलेलं सगळं बिघडतं. मुरल्यावर गोळा आधीपेक्षा मऊ लागतो, ओल सगळीकडे पसरते आणि ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रोटीन, सैल पडतं. म्हणून मुरायच्या आधी तो किंचित घट्ट वाटला तर ते योग्यच आहे, आणि मळताना एकदम मऊ लागला तर लाटताना चिकटणार हे धरून चाला.

पिठीसुद्धा मोजा

हे कोणी करत नाही पण करून बघा. लाटताना लावायला ३० ग्रॅम पिठी वेगळ्या वाटीत मोजून घ्या आणि शेवटी उरलेली परत मोजा. दोन अंड्यांच्या गोळ्याला २० ग्रॅमच्या वर गेली असेल तर गोळा मुळातच सैल होता, पुढच्या वेळी १.८ च्या जागी १.८५ ने गुणा. मैद्याची पिठी पट्टीत मुरते आणि तिला कोरडं करते, सेमोल्याची वर मोकळी राहते आणि झटकता येते. त्यामुळे कापलेल्या पास्त्यावर भुरभुरायला सेमोलाच घ्या.

किती होतो, आणि पाण्याचं माप

१०० ग्रॅम पीठ आणि ५५ ग्रॅम अंडं म्हणजे १५५ ग्रॅम गोळा, एका माणसाचं भरपेट जेवण. सोबत आणखी काही असेल तर १०० ग्रॅम गोळा माणशी पुरतो. मशीनला देताना ७०-८० ग्रॅमचे तुकडे करा, त्याहून मोठा तुकडा घेतला की पट्टी एवढी लांब होते की एकट्याला सांभाळत नाही. जो तुकडा हातात नाही तो झाकलेला असू द्या.

अंड्याचं पीठ बाहेर जास्त वेळ ठेवू नका, मुरायचा अर्धा-पाऊण तास ठीक, नंतर करायचं असेल तर फ्रिजमध्ये, आणि एका दिवसात संपवा. जास्त ठेवलं की करडा-हिरवट रंग येतो. फ्रिजमधून काढल्यावर लगेच लाटू नका, वीस मिनिटं बाहेर ठेवा, आणि गार पीठ घट्ट लागलं म्हणून त्यात पाणी घालू नका, ते नुसतं गार आहे.

रुंदी किती कापायची तर हवी तेवढी, पण तालियातेल्लेचं, म्हणजे लांब चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याचं, माप मात्र इटलीतल्या बोलोन्या शहरात अधिकृत ठरलेलं आहे, १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ते नोंदवलं, शिजल्यावर ८ मिलिमीटर. शिजताना पट्टी फुगते, म्हणून कच्ची कापताना थोडी अरुंद, ७ मिमीच्या आसपास.

उकळायला १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. हे मीठही काट्यावरच घ्या, बारीक आणि जाड मिठाचा चमचा वजनाला सारखा नसतो. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ, मग पास्ता, आणि ताजा पास्ता दोन ते चार मिनिटांतच होतो, पट्टी पातळ असेल तर त्याहून लवकर, त्यामुळे दीड मिनिट झालं की एक तुकडा काढून चावून बघायला लागा.